अहवालावरची सही

गोपालनं शेवटचं पान आधीच दुमडून वर काढून ठेवलं होतं, सही कुठं करायची हे बाबांना शोधावं लागू नये म्हणून. पेनही त्याच्याच खिशातलं होतं, टोपण काढलेलं.

रामरावांनी चष्मा लावला, काढला, बंडीच्या टोकानं पुसला आणि पुन्हा लावला. पानावर दोन चौकोन होते. एकापुढं ‘मान्य’, दुसऱ्यापुढं ‘अमान्य’. त्याखाली कारणासाठी सोडलेली कोरी जागा आणि अगदी तळाशी ‘घरमालकाची सही’. घरमालक हा शब्द समोर आला की रामरावांना सत्तरी उलटल्यावरही मागं वळून पाहावंसं वाटे, तिथं दुसरं कोणी उभं तर नाही ना म्हणून.

“‘मान्य’वर खूण करा, बाबा. अन् खाली सही. मी ऑफिसात टाकून येतो, विषय संपला.”

“काय लिवलं म्हणते तो इंजिनेर?”

“सकाळीच सांगतलं ना. खालचं घर ठणठणीत आहे. वरच्या दोन खोल्यांचा भार झाला, म्हणून भेगा पडल्या. वरचं उतरवून टाका म्हणते. उतरवायचे मजूर खाणीचे, मलबा नेणारी गाडी खाणीची. आपल्याले फक्त हो म्हणायचं आहे.”

वरच्या दोन खोल्या म्हणजे निशिगंधाच्या, हे कोणालाच बोलून दाखवावं लागलं नाही. ती जिन्यावर बसून परातीतली तूरडाळ निवडत होती. बुधवार हा तिच्या सुट्टीचा दिवस. दिग्रसचं सासर सोडून ती परत आली, वणी डेपोत कंडक्टर झाली, आणि माहेरी एखादा कोपरा मागायच्या ऐवजी तिनं बापाकडं गच्ची मागितली. पगार होईल तशा विटा आणून तिनं वर दोन खोल्या उभ्या केल्या. त्या वेळी या घरात जी भांडणं झाली ती सगळ्यांनी गिळून टाकली होती. निदान तसं समजून सगळे एका पंगतीत जेवत होते.

“दादा,” ती डाळीवरून नजर न काढता म्हणाली, “पानं किती आहेत त्याच्यात?”

“आहेत पुष्कळ.”

“अन् तू वाचलं किती?”

“कामाचं तेवढं.”

“अशेच लोक भेटतात मले रोज. बोर्ड वाचत नाहीत, गाडीत बसतात, अन् अर्ध्या रस्त्यात म्हणतात, बाई, हे गाडी आर्णीले नाई जात का?”

रामरावांना हसू आलं. ते त्यांनी चष्म्यामागं लपवलं, कारण गोपाल हसला नव्हता.

“वाचून काय होणार आहे?” गोपाल म्हणाला. “साऱ्या गावाचेच अहवाल आले.”

ते खरं होतं. राजूरच्या अलीकडं, उघड्या खाणीला लागून असलेल्या बोरीपारात भेग नसलेलं घर सापडणं अवघड. सुरुंग उडाला की मांडणीतली भांडी वाजत. गावानं निवेदनं दिली, कोळशाच्या गाड्या अडवल्या, तेव्हा खाणीच्या ऑफिसनं बाहेरचा एक इंजिनिअर नेमला. तो घरोघर फिरला, भिंती बोटानं ठोकून पाहिल्या, फोटो काढले. माणूस बरा होता. दोन वेळा चहा नको म्हणाला आणि तिसऱ्या वेळी रामरावांच्या बायकोच्या, इंदुताईंच्या धाकानं प्याला.

“दे इकडं,” निशिगंधा उठली. तिनं परात खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि अहवाल बाबांच्या मांडीवरून उचलला. दुमडलेलं पान तिनं सरळ केलं. “सही मांगून राह्यला तर पहिल्या पानापासून वाचू. समीक्षा! ये व इकडं. तुह्या बीएस्सीचा उपयोग होऊ दे.”

गोपालची मुलगी समीक्षा स्वयंपाकघरातून आली. परवावर तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आला होता आणि या आठवड्यात तिला ज्या कोणत्या कामासाठी हाक येई, ते साड्यांचंच असे. हे वेगळं काम आहे हे कळल्यावर ती उत्साहानं आत्याजवळ टेकली.

“सारं इंग्रजी आहे, आत्या. मराठीत एकच पान आहे, शेवटी. गोषवारा.”

“अन् तुह्या बाबानं तेच वाचलं. चाल, सुरू कर.”

गोपाल दाराशी जाऊन उभा राहिला.

त्याला वाटलं, आता ही मला खलनायक करणार. पोरीसमोर, बापासमोर. आणि मग कोणी विचारणार नाही की निशीच्या स्वयंपाकघराखालच्या खोलीत कोण झोपतं. तो आणि त्याची बायको बबिता झोपत होते. सुरुंगानंतर अंथरुणावर पडलेली सिमेंटची भुकटी झटकून तोच झोपत होता. वर रात्री पाण्याचा हंडा सरकला तरी त्याचे डोळे उघडत. इंजिनिअरनं ‘वरचं उतरवा’ लिहिलं, तेव्हा त्याला पहिल्यांदा वाटलं होतं, आपण उगाच भीत नव्हतो, हे कागदावर आलं.

आणि दुसरीही गोष्ट होती, जी त्यानं फक्त बबिताला सांगितली होती. त्याचा टिप्पर खाणीच्या ठेकेदाराकडं लागलेला होता. मागच्या हप्त्यात सुपरवायझरनं गाडीच्या काचेवर टकटक करून हसत विचारलं होतं, “पिदूरकर, तुमच्या घरचा कागद आला नाही अजून? सारे समजदार लोक देऊन राह्यले बरं.” धमकी नव्हती. हसतच विचारलं होतं. म्हणूनच ते गोपालच्या डोक्यातून जात नव्हतं.

“हे ऐक आत्या,” समीक्षा म्हणाली. “इथं एक पूर्ण पान आहे, मर्यादा म्हणून. ही पाहणी फक्त डोळ्यांनी केलेली आहे. पाया खोदून पाहिलेला नाही. प्लास्टर काढून पाहिलेलं नाही. रंग, पुट्टी किंवा सामानाच्या मागं काही असेल तर त्याबद्दल हा अहवाल काही सांगत नाही.”

“म्हणजे?” इंदुताई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून म्हणाल्या. त्या तिथं कधी येऊन बसल्या ते कोणाला दिसलं नव्हतं.

“म्हणजे, आजी, त्यानं आधीच सांगून ठेवलं की मला दिसलं तेवढंच मी लिहिलं.”

“मंग?” गोपाल दारातून बोलला. “दिसलं तेच लिवीन ना तो. का सपनात पाह्यलेलं लिवीन?”

“बराबर आहे तुह्यं,” निशिगंधा म्हणाली. “म्हणून तर पाहू ना, त्याले काय दिसलं. पुढं.”

समीक्षानं पान उलटलं. बोट ओळीखालून सरकत गेलं आणि थांबलं. तिनं आजोबांकडं पाहिलं.

“वाच ना.”

“तळमजला. सर्व भिंतींना नुकताच रंग दिलेला आहे. भेगा आढळल्या नाहीत. घरमालकांच्या सांगण्यानुसार...” ती अडखळली. “घरमालकांच्या सांगण्यानुसार तळमजल्याला बांधकामापासून आजवर कधीही तडा गेलेला नाही.”

आता सगळ्यांनीच रामरावांकडं पाहिलं.

रामराव खुर्चीत थोडे मागं सरकले. होय, सांगितलं होतं. इंजिनिअरनं वही काढून विचारलं, खाली कधी भेगा होत्या का, आणि त्यांनी मान ताठ करून सांगितलं, या घराला तडा नाही. त्यात त्यांना काही विशेष वाटलं नव्हतं. आल्यागेल्याला ते सांगतच आले होते. वणीच्या वाचनालयातून घरबांधणीचं पुस्तक आणून, त्यातल्या आकृत्या मिस्त्रीला समजावून त्यांनी हे घर बांधून घेतलं होतं. मिस्त्री हसायचा. गाव हसायचं, रामराव पुस्तकातून घर काढून राह्यला म्हणायचं. बाकी सगळ्या आयुष्यात त्यांनी कुठं आवाज चढवला नाही, भावकीच्या बैठकीत तोंड उघडलं नाही, बाजार समितीत रांग मोडून कोणी पुढं गेला तर त्याला जागा करून दिली. फुशारकी म्हणून त्यांच्याजवळ हे एकच वाक्य होतं.

“खरंच आहे ते,” ते हळूच म्हणाले.

“पुढं वाच,” निशिगंधा म्हणाली. तिचा आवाज जरा बारीक झाला होता.

“वरचा मजला. दोन्ही खोल्यांच्या भिंतींना तिरप्या भेगा. जिन्याजवळची रुंद. खालचा मजला निर्दोष असल्यामुळं भेगांचं कारण बहुधा वरच्या मजल्याचं बांधकाम. काढून टाकण्याची शिफारस.” समीक्षानं पटकन शेवटचं पान पाहिलं. “आत्या, इथं मधात ‘बहुधा’ लिहिलंय. मराठी पानावर ‘बहुधा’ नाहीच.”

“तुह्या बाबाले ते पान म्हणूनच आवडलं.”

“निशे, टोमणे मारू नको,” गोपाल म्हणाला. “सरळ गोष्ट आहे. खाली भेग नाही, वर आहे. लहान पोरालेही समजन का दोष कोणाचा.”

“खाली रंग आहे, दादा. वर नाही. लहान पोराले हेही समजन.”

“रंग तर दिलाच होता,” बबिता आतून बाहेर आली. तिच्या हातात साक्षगंधाच्या ताटांवर टाकायचे रुमाल होते. “लपवाले नाही दिला काही. आर्णीचे पाहुणे येणार होते समीक्षाले पाहाले. त्यायले काय पोपडे निघालेल्या भिंतीखाली बसवू? अन् त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो इंजिनेर येऊन टपकला, त्याले मी काय करू?”

“मी कुठं म्हटलं का तू लपवलं, वहिनी? मी इतकंच विचारतो, पुट्टी आणली होती, मिस्त्री लावला होता, तर वरच्या भेगा काहून नाही भरल्या?”

“वर काय, ताई...” बबिता सहज बोलून गेली. “पाहुणे वर थोडेच जातात.”

बोलल्यावर तिलाच ते ऐकू आलं. रुमालांची घडी तिनं उगाच उलगडली आणि पुन्हा घातली.

निशिगंधानं परात जवळ ओढली. नवऱ्याला सोडून आलेल्या बहिणीच्या खोल्या पाहुण्यांना दाखवत नाहीत, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पाहुणे येणार त्या दिवशी तिला मुद्दाम ड्युटी बदलून घेऊ नको, आहे तीच राहू दे, असं बबितानं सांगितलं होतं, तेव्हा ती तशीच ड्युटीवर गेली होती.

तेवढ्यात भोंगा झाला. दुपारचा, सुरुंगाच्या आधीचा.

कोणी कोणाला सांगायची गरज नव्हती. समीक्षानं मांडणीवरची काचेची बरणी काढून जमिनीवर ठेवली. गोपालनं टीव्हीला हात लावून धरला. इंदुताई उठल्या, देवघरातली समई उचलून खाली जमिनीवर ठेवली आणि तिथंच, भिंतीकडं पाठ करून उभ्या राहिल्या. जमिनीच्या पोटातून धक्का आला. खिडकीचे गज झणझणले. वरून बारीक धूळ उतरली आणि सगळे पुन्हा आपापल्या जागी आले, जसं काही मध्येच कोणी शिंकलं.

इंदुताई मात्र भिंतीजवळच राहिल्या.

पाठीला त्यांना ती जागा कळत होती. रंगाखाली, देवघराच्या बाजूनं वर गेलेली. त्या जागेशी त्यांची ओळख या घरातल्या सुनेपेक्षा आणि नातीपेक्षा जुनी होती. घर झालं त्या पहिल्याच उन्हाळ्यात काळी माती आटली आणि एका सकाळी देवाजवळ दिवा लावताना त्यांना ती दिसली, कोपऱ्यातून निघून वर चढलेली. रामराव त्या दिवशी अंगणात नव्या पाटीवर आपलं नाव रंगवत बसले होते. एकेक अक्षर पुसून पुन्हा काढत होते, वाकडं येतं म्हणून. इंदुताईंनी आतून त्यांच्याकडं पाहिलं, शेण-माती कालवली, भेगेत दाबून भरली आणि वरून पांढऱ्या मातीचा पोतारा मारला. नंतर दर वर्षी, ते कापूस घेऊन बाजाराला गेले की, त्या ती जागा पाहून घेत. शेणमातीच्या जागी चुना आला, चुन्याच्या जागी सिमेंट. यंदा मिस्त्रीचा हात तिथं पोहोचायच्या आधी त्यांनीच पुट्टी घेऊन ती भरली होती.

आता जिन्याजवळ पोरगी उभी होती आणि खुर्चीत नवरा. एकाचं राखायचं तर दुसऱ्याचं जात होतं.

इंदुताईंनी फार वेळ घेतला नाही. दारामागं अडकवलेलं खुरपं काढलं, देवघराजवळ गेल्या आणि गुलाबी रंगावर त्याचं टोक टेकवून खाली ओढलं.

“आत्याबाई!” बबिता सासूवर ओरडली. “काय करून राह्यल्या तुमी! परवा साक्षगंध आहे!”

“परवा आहे ना? आज बुधवार आहे.”

“अवं आई, नवा रंग आहे तो,” गोपाल पुढं आला.

“मले दिसते रंग. डोळे शाबूत आहेत माह्ये. सरक.”

पुट्टीची खपली निघाली. मागून सिमेंट आलं, ते हट्टी होतं, त्यावर त्यांनी खुरप्याच्या मुठीनं ठोकलं. एक तुकडा खाली पडून फुटला. त्याच्यामागं पिवळट पडलेला चुना. आणि चुन्याच्या मागून, अगदी सुकून हलकी झालेली माती भुसभुस खाली आली. तिच्यात कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, काड्या होत्या. खुरप्याचं पातं भेगेत अर्धं आत गेलं, तेव्हा त्या थांबल्या. धाप लागली होती.

“घ्या,” त्या म्हणाल्या. “लिवा आता, तळमजल्याले भेग नाही म्हणून.”

निशिगंधा जवळ गेली. खाली पडलेले तुकडे तिनं तळहातावर घेतले. पांढरा, राखाडी, पिवळा आणि ही माती.

“आई, कवाची आहे हे?”

“तू पाळण्यात होतीस. तवा गच्चीही नोती, वर कवेलू होते. अन् खाण तर तिकडं पार नाल्याच्या पल्ल्याड.”

“अन् तू भरून राह्यली इतके वर्षं?”

“मंग कोण भरीन? शेजारीण?”

गोपालला एकदम काहीतरी सापडलं. “बस्स झालं मंग! खाणीनंही नाही पाडली हे. खाण येण्याच्या आधीचीच आहे. काळ्या मातीनं पाडली. आता कोणत्या तोंडानं जातान त्या ऑफिसात?”

“याच तोंडानं,” निशिगंधा म्हणाली. “मी कुठं म्हणतो का खाणीनंच पाडली? मातीनं पाडली असन. सुरुंगानं रुंद केली असन. मले नाही माहीत, दादा. तुले नाही माहीत. अन् त्या इंजिनेरलेही नाही माहीत, तसं त्यानं स्वतः लिवून देलं आहे, आपण वाचलं नाही. पण हे माह्या खोल्यांनी नाही पाडली. माह्या खोल्यांच्या आधी हे होती. खालून वर गेली आहे हे, वरून खाली नाही आली. चाल वर, दाखवतो तुले. जिन्याजवळची माही भेग इथूनच चढलेली आहे.”

“मंग आमी झोपतो त्या खोलीचं काय?” गोपालचा आवाज फुटला. “आमच्या डोक्यावर आली तर? तुह्या खोल्या वाचल्या, आमचं काय?”

हे त्यानं आजवर कधी बोलून दाखवलं नव्हतं.

“म्हणून तर पाया खोदून पाहा म्हणायचं ना. वरचं उतरवलं अन् दोष खाली निघाला, तर तू तिथंच झोपशीन, कागद म्हणीन ठणठणीत आहे, अन् मंग कोणी तपासालेही येणार नाही. मी भिऊन नाही राह्यली का? मीही त्याच भिंतीवर झोपतो, दादा. फक्त वरच्या बाजूनं.”

बबिता खाली बसली होती. रुमाल तिच्या मांडीत पडले होते. “आर्णीवाले काय म्हणतीन,” ती स्वतःशीच म्हणाली. “पाहाले आले तवा एक घर, साक्षगंधाले दुसरंच. फसवलं म्हणतीन. निदान परवापर्यंत पडदा तरी लावू तिथं. फुलांचं डेकोरेशन लावून देऊ मोठ्ठं.”

“काही लावू नको, मम्मी,” समीक्षा म्हणाली.

“तू मधात बोलू नको.”

“माहंच साक्षगंध आहे अन् मी मधात नको बोलू?” ती उठून उभी राहिली. हातातला अहवाल तिनं छातीशी धरला होता. “इथंच बसवू त्यायले. अन् पोराले मी वर नेतो, आत्याच्या खोल्या दाखवाले. गॅलरीतून सारं गाव दिसते. नाही आवडलं तर चहा पिऊन जाईन तो आपल्या आर्णीले.”

“ऐकलं का हिचं!” बबितानं नवऱ्याकडं पाहिलं. नवरा भिंतीकडं पाहत होता.

या सगळ्यात रामराव उठले होते, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. ते भेगेजवळ आले. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी तिला बोट लावलं, मग बोट आत घातलं. थंड होती आतून.

इंदुताई खुरपं हातात घेऊन शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी पदर सावरला नाही, की नजर खाली केली नाही.

“पाहून घ्या,” त्या म्हणाल्या. “म्या लपवली. अन् आणखी एक घर बांधसान, तर त्याचीही लपवीन.”

रामरावांनी विचारलं, “देशमुख मास्तर आले होते, घर पाहाले. तवा होती?”

“होती.”

“निशीचं लग्न जमलं, ते लोक बसले होते इथं, अन् मी त्यायले सांगतलं...”

“तवाही होती.”

“तू दारात उभी राहायची. मी सांगत असलो का.” ते आठवून आठवून बोलत होते. “हसत होतीस का मनात?”

“हसाले येळ कुठं होता? चहा उतू जात होता.”

पुस्तकातल्या त्या आकृत्या रामरावांना आठवल्या. पायाची खोली, विटांचे थर, सगळं बरोबर होतं त्यात. फक्त ते पुस्तक कोणत्या मातीसाठी लिहिलं आहे, हे पाहायचं त्यांना सुचलं नव्हतं. मिस्त्री बिचारा म्हणाला होता एकदा, काका, अजून खोल घेऊ का. पुस्तकात नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. आयुष्यात एकदाच कोणाचं तरी न ऐकता आपलं खरं केलं, ते नेमकं इथं.

कोणीतरी आता त्यांना बसायला सांगेल, पाणी देईल, आणि जाऊ द्या म्हणेल, असं त्यांना वाटलं. तसं कोणी म्हणायच्या आत ते खुर्चीकडं आले.

“समीक्षा, आण तो कागद.”

“बाबा,” गोपाल म्हणाला.

“पेन दे, गोपाल.”

गोपालनं पेन दिलं. रामरावांनी शेवटचं पान मांडीवर पसरलं आणि ‘अमान्य’च्या चौकोनात खूण केली. ती वाकडी आली. एरवी त्यांनी खोडून पुन्हा केली असती. मग कारणाच्या कोऱ्या जागेत ते लिहू लागले. लिहिता लिहिता पुटपुटत होते, त्यामुळं सगळ्यांना ऐकू येत होतं.

“खालच्या घराला तडा नाही असे मी इंजिनिअर साहेबांना सांगितले. ते खोटे आहे. तडा पहिल्या उन्हाळ्यापासून आहे. घर मी बांधले आहे. वरच्या खोल्या माझ्या मुलीने माझ्या संमतीने बांधल्या आहेत, त्या तिच्या आहेत...”

“बाबा, ‘खोटे’ नका लिवू,” गोपाल खाली वाकला. “तुमाले कुठं माहीत होतं? ‘चुकीचे’ लिवा. उद्या गावात वाचतीन लोक.”

गोपालनं काही सुचवलं की रामराव एरवी ऐकत. त्यांनी पेन उचललंही. मग ते पुन्हा कागदावर टेकवलं.

“राहू दे. वाचू दे.” आणि पुढं लिहिलं, “भिंत उघडी ठेवली आहे. पाया खोदून पाहावा. आम्ही घरीच आहोत.”

सही केली. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह.

“उद्या खाणवाले माही गाडी उभी करतीन,” गोपाल म्हणाला. आता तो ओरडत नव्हता.

“करतीन,” रामराव म्हणाले.

“मंग म्या काय करू?”

“मले नाही माहीत.” त्यांनी मुलाकडं वर पाहिलं. “खरंच नाही माहीत, गोपाल. माहीत असतं तर सांगतलं असतं. पण तिचं घर पाडून तुही गाडी चालवाची, इतकं तरी नको.”

गोपालला यावर पुष्कळ बोलता आलं असतं. गाडीवर घर चालतं, हे घर, साक्षगंध, ही पुट्टीसुद्धा. ते सगळं त्याच्या ओठावर आलं आणि तो भिंतीकडं पाहत राहिला. ती कुटाराची माती त्याच्या आईच्या पायावर पडलेली होती.

निशिगंधानं हात पुढं केला. “आण इकडं. मी देऊन येतो. आताच जातो, पाच वाजेपर्यंत असतात ते लोक. तुह्या नावाचा संबंधच येणार नाही.”

कागद तिच्या हातात पडायच्या आत गोपालनं तो बाबांच्या मांडीवरून उचलला.

“बाजूले हो.”

“दादा, फाडशीन तर पाह्य!”

“फाडतो कायले?” तो तिच्यावर खेकसला. “माह्या बापानं सही केली त्याच्यावर. मी घरात असताना बहिणीच्या हातून पाठवू का? त्या सुपरवायझरले वाटीन, लपून बसला पिदूरकर.” त्यानं कागदाची घडी केली, शर्टाच्या खिशात घातली आणि खिशावर हात दाबून धरला, जसा तो मघाशी टीव्हीवर दाबला होता. “अन् तुही चुकी नाही असं म्या म्हटलं नाही अजून. पाया खोदल्यावर पाहू.”

“पाहू,” निशिगंधा म्हणाली.

बबिता उठली. “अवो, पण...”

“झाडून घे तू ते खालचं,” तो म्हणाला. “पावलं लागतीन घरभर.”

अंगणात त्यानं मोटरसायकलला किक मारली. पहिल्यांदा ती लागली नाही. निशिगंधा दारापर्यंत आली होती.

“दादा! पोच घेतल्याबिगर येऊ नको. शिक्का मारून घेजो त्याच्यावर, तारीख टाकून.”

“मले शिकवू नको, कंडक्टर,” गोपाल म्हणाला आणि पुन्हा किक मारली.